इंदापुरात जेवायचे कुठे?



परगावचा पाहुणा इंदापुरात उतरला की त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘इथे जेवायला बरे कुठे मिळते?’ आम्ही सांगतो, मासे खायचे होते तर भिगवणलाच उतरायला हवे होते. मटण-भाकरी हवी असेल तर हमरस्त्याकडे चला. राईसप्लेटवर भागणार असेल तर एस. टी. स्टँडाभोवती पाहा, आणि आषाढात तुकोबांच्या पालखीबरोबर आला असाल तर विचारूच नका, कोणत्याही दारात उभे राहा. पाहुणा मग दर विचारतो, तिखट किती असते ते विचारतो, फार चौकस असला तर मोरी स्वच्छ आहे का तेही विचारतो. स्वयंपाक कोणाच्या हातचा आहे, हे मात्र तो विचारीत नाही. शेजारच्या बाकावर कोण येऊन बसणार, हेही विचारीत नाही. अगदीच विचारीत नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. काही मंडळी ‘मालक कुठले?’ असे आडून विचारतात आणि उत्तरातून हवे ते काढून घेतात. पण तोंडावर विचारण्याची सोय आता उरलेली नाही.

ह्या पाहुण्याच्या पणजोबाने हेच दोन प्रश्न आधी विचारले असते. किंबहुना ते विचारण्याची पाळी येऊ नये म्हणून तो घरून दशम्या बांधूनच निघाला असता. पणजोबा आणि पणतू यांच्या दरम्यान काय काय घडले, हा आमचा आजचा विषय आहे. मिरची कोणी आणली, बटाटा कोठून आला, हे सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही पडलो युनियनची माणसे. शिक्षण शाळेत थोडे आणि फाटकासभांत अधिक झालेले. आमची नजर ताटाकडे जाण्याआधी ते वाढणाऱ्या हाताकडे जाते, त्याला इलाज नाही.

पूर्वी प्रवासी जेवत कसे? ह्या पुणे-सोलापूर वाटेने बैलगाड्या, लमाणांचे तांडे, शिपाई, यात्रेकरू शेकडो वर्षे जात-येत राहिले. पण वाटेवर पैसे देऊन शिजवलेले अन्न घ्यावे, ही कल्पना बहुतेकांना नव्हती. गावच्या वाण्याकडे पीठ, डाळ, मीठ, सरपण मिळे. धर्मशाळेच्या ओवरीत किंवा देवळामागे तीन दगडांची चूल मांडायची, आपले आपण रांधायचे, आणि आपल्याच जातीचा कोणी भेटला तर त्याला बोलवायचे. शिधा घेण्यात कमीपणा नव्हता, कारण कोरडा शिधा विटाळत नाही. तो शिजला की विटाळतो. सारा घोटाळा त्या शिजण्यात होता. भुकेला माणूस आणि भरलेले भांडे यांच्यामध्ये सोवळ्याची भिंत उभी होती, आणि ती एकाच बाजूने नव्हे, प्रत्येक पायरीवर होती. वरचा खालच्याच्या हातचे खाईना, आणि खालचा आपल्याहून खालच्याच्या हातचे खाईना.

वारीत तरी हे नव्हते ना, असे कोणी म्हणेल. वारीचा आम्हाला अभिमान आहे. बेलवडीचे आणि इंदापूरचे रिंगण ज्याने पाहिले नाही त्याने काही पाहिले नाही. पण खरे ते सांगितले पाहिजे. इरावती कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या आणि त्यांनी त्या चालण्यावर लेख लिहिला. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे सारा दिवस एका तालावर अभंग म्हणत चालतात, आणि मुक्कामाला पंगती मात्र वेगवेगळ्या बसतात, हे त्यांनी त्यात स्पष्ट नोंदवले आहे. विठ्ठलासमोर सगळे सारखे होते, पत्रावळीसमोर नव्हते.

म्हणूनच आमच्याकडे बाहेर जेवण्याची सुरुवात भुकेपोटी झाली नाही, बंडापोटी झाली. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग वगैरे शिकलेली मंडळी तिच्यात होती. ते गुप्तपणे जमत आणि सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज बेकरीच्या दारात उभे राहून पाव-मस्का खाणाऱ्या पोराला सांगितले तर ते हसेल. पण त्या पावाचा घास घेताना त्या काळच्या माणसाचा हात थरथरत असेल. १८६० साली सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभाच मोडली. पाव खाणे सोपे होते. खाल्ला असे चारचौघांत म्हणणे अवघड होते.

पुढची गोष्ट पुण्याची, आणि ती पुष्कळांना ठाऊक आहे. १८९० च्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पतीने, पुण्यातील बड्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने नेले. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी तसाच ठेवला. मग हजर असणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. न्यायमूर्ती रानडे हायकोर्टापर्यंत चढणारे गृहस्थ, पण त्यांनाही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकही त्या यादीत होते आणि त्यांनाही प्रायश्चित्ताचीच वाट धरावी लागली. एका कपाची ही किंमत! आणि लक्षात घ्या, हे सगळे वरच्या जातींचे आपसातले भांडण. ज्याला मिशनच्याच काय, कोणाच्याच ओसरीवर कप मिळत नव्हता, त्याची ह्या चौकशीत साधी साक्षही निघाली नाही.

आगगाडीने भिंतीला पहिले खिंडार पाडले, असे म्हणतात. पुणे-सोलापूर लोहमार्ग १८६० च्या सुमारास पुरा झाला आणि दौंडासारखे गाव जंक्शन बनले. डब्यात मांडीला मांडी लागली खरी. पण फलाटावर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशी हाळी स्वातंत्र्य येईपर्यंत चालू होती. चहाही तसाच विभागलेला. सरकारने इंजिन आणले, रूळ आणले, वेळापत्रक आणले. सोवळे मात्र इथलेच ठेवले, त्याला हात लावला नाही. त्यात त्याला खर्चही कमी येत होता.

मग शहरांतून हॉटेले निघाली. त्यांच्या पाट्या पाहण्यासारख्या होत्या: ‘ब्राह्मणी खानावळ’, ‘मराठा खानावळ’, ‘हिंदू हॉटेल’. आज आपण पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ किंवा ‘गावरान’ वाचतो, तेव्हा जात वाचावी लागे. कानडी उडिपी मंडळींचे जे एवढे बस्तान बसले, त्याला त्यांचे कष्ट, टापटीप आणि इडलीची चव कारण आहेच. पण आरंभी त्यांच्या भटारखान्यातला आचारी ब्राह्मण असे, हे भांडवलही लहान नव्हते. त्याच्या हातचे कोणालाही चाले. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली उडिपी बोर्डिंग काढले, ते आजतागायत लोक रांगा लावून जेवतात. पुण्यातली अमृततुल्ये राजस्थानातून आलेल्या ब्राह्मणांनी थाटली. चहा तोच, आले-वेलदोडा तोच; पण पितळी पातेल्यापाशी बसलेल्या माणसाचे जानवे दिसत असे आणि गिऱ्हाइकाच्या मनाला तेवढे पुरे होई.

ह्या सर्वांत वेगळा निघाला तो इराणी. तो परधर्मी, परदेशी. त्याला आमच्या पायऱ्या ठाऊक नव्हत्या आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटली नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ म्हणून सोडीत, ती त्याने स्वस्तात घेतली, असे सांगतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, एक चहा सांगून तासभर बसण्याची मुभा. गिरणीतला जॉबर, कॉलेजातला विद्यार्थी, गोदीतला हमाल, सगळे त्याच टेबलाशी. पुण्यात डेक्कनवरचे गुडलक १९३५ पासून आहे. आमच्या चळवळीतल्या जुन्या लोकांच्या कितीतरी सभा इराण्याच्या टेबलावर ठरल्या, कारण तेथे कोणी ‘तुम्ही कोण?’ म्हणून हटकीत नसे. पण इराणी मुंबई-पुण्यात आणि थोड्या मोठ्या शहरांत राहिला. इंदापूर-बारामतीच्या खेड्यापाड्यांत तो पोचला नाही, हे आमचे दुर्दैव.

ह्या सगळ्या इतिहासात आम्हाला मोलाचे वाटणारे हॉटेल कोल्हापूरचे आहे. ते चालवणारा गंगाराम कांबळे हा राजवाड्याच्या पागेतला नोकर, जातीने महार. पागेतल्या पाण्याच्या हौदाला तो शिवला म्हणून तिथल्याच वरच्या जातीच्या नोकरांनी त्याला फटक्यांनी सोलून काढले. शाहू महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर गंगारामाने त्यांना पाठ उघडी करून दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली, आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे गंगारामाला पैसे देऊन स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. त्याने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल थाटले, नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक येईना. महाराजांच्या कानावर हे गेले. मग त्यांची गाडी फिरायला निघाली की त्या दारात थांबू लागली. महाराज मोठ्याने हाक मारून चहा मागवीत, स्वतः पीत आणि गाडीत बसलेल्या ब्राह्मण-मराठा मंडळींपुढेही कप करीत. राजाने दिलेला कप नाकारायचा कसा?

ह्या गोष्टीत लोक राजाचे औदार्य पाहतात. आम्हालाही ते दिसते. परंतु गंगारामाचा विचार करा. मार खाल्ल्यावर तो गप्प बसला असता, किंवा पैसे घेऊन गावी जमीन घेऊन राहिला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याने जी जागा सर्वांत अवघड तीच निवडली. ज्या हाताच्या स्पर्शाने हौद बाटला म्हणत, त्याच हाताने तो रस्त्यावर बसून चहा ओतू लागला, आणि गाडी थांबत नसे त्या दिवशीही हॉटेल उघडे ठेवून बसला. संप फोडणारे पाहिले आहेत आम्ही आणि संप टिकवणारेही. हा दुसऱ्या जातकुळीचा माणूस.

त्याच सुमारास आणखीही प्रयत्न चालू होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे बोर्डिंग काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहात आणि एकत्र जेवत. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ मध्ये सर्व हिंदूंना खुले असे उपाहारगृह काढले. त्यांचे राजकारण आम्हाला मान्य नाही. तरी जे केले ते केले, ते नाकारून कसे चालेल?

स्वातंत्र्यानंतर ही गोष्ट राजाच्या मर्जीची राहिली नाही, कायद्याची झाली. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा शब्दशः उल्लेख आहे. देशाच्या घटनेत हॉटेल कशाला आले, असे वाटेल. पण बाबासाहेबांना ते का आणावे लागले हे ज्याने बाहेरच्या ओट्यावर बसून चहा प्यायला आहे त्याला विचारा. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याने त्यापुढे जाऊन हॉटेलात ठेवलेल्या भांड्यांचाही उल्लेख केला. भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरला. कायदा लिहिणाऱ्याला रोग नेमका कुठे आहे ते कळले होते, असे म्हणावे लागते. कारण खेड्यातल्या हॉटेलवाल्याने दार बंद केले नव्हतेच. त्याने फक्त एक-दोन कपबश्या छपराच्या वाशाला वेगळ्या अडकवल्या होत्या. ज्याचा त्याने काढायचा, प्यायचा, विसळून परत अडकवायचा. पैसे मात्र सगळ्यांचे एकाच गल्ल्यात.

कायदा झाला म्हणून ह्या कपबश्या खाली आल्या नाहीत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त, म्हणजे १९८४ साली निघालेल्या पुस्तकात, आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावी चहाच्या दुकानात ठेवलेल्या वेगळ्या कपबश्यांची हकीकत आहे, आणि त्याविरुद्ध पोरांनी पोलिसांत दिलेल्या तक्रारीचीही. डॉ. बाबा आढावांना १९७२ मध्ये ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावे लागले, म्हणजे कायद्याला सतरा वर्षे झाल्यावर! जेथे विहीर वेगळी तेथे कप वेगळा असणारच. दोन्ही एकाच पाण्याचे.

आता आमच्याकडच्या माणसांची गोष्ट. पाऊस दगा देई, कुळकायद्याआधी जमीन आपली नसे, तेव्हा घाटावरचा गडी मुंबईची वाट धरी. गिरणीत बदली, राहायला दहा-पंधरा जणांची खोली, आणि जेवायला खानावळ. ही खानावळ म्हणजे पाटी असलेले दुकान नव्हे. गिरणगावातल्या चाळीत कोणी बाई, पुष्कळदा विधवा किंवा नवऱ्याची नोकरी सुटलेली, दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचे जेवण दोन्ही वेळा करी. हिशेब महिन्याचा, पगाराच्या दिवशी चुकता व्हायचा. भाकरी गावाकडची, कालवण गावाकडचे. बाईला भांडवल लागे ते सावकाराच्या व्याजाने. आमच्या कामगार चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत, मोर्च्यांच्या तारखा आहेत. पण गिरण्या बंद पडत तेव्हा ज्या बायांनी उधारीवर जेवू घातले त्यांच्याविषयी पानभरही मजकूर नाही. प्रेमा पुरव यांनी हे ओळखले. स्वतः चळवळीतल्या, त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून ह्या खानावळवाल्या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ ला जो मोठा संप सुरू झाला, त्यात गिरणगाव उठले, गडी गावाकडे परतले, आणि त्यांच्याबरोबर मोडल्या त्या ह्या खानावळी. संपात किती कामगार बुडाले ते आपण मोजतो. किती चुली बुडाल्या, ते मोजले पाहिजे.

परत आलेल्या गड्याला इंदापूर-बारामतीत काय दिसले? नीरेचा डावा कालवा १८८५ पासून वाहतच होता. ऊस होता. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर उभी केलेली वालचंदनगरची साखरवसाहत होती, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने उभे राहिले होते. कारखाना आला की कँटीन येते. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीन ठेवण्यास भाग पाडता येऊ लागले, आणि आमच्या मते बाहेरच्या जेवणातली ही फार मोठी क्रांती होती, जरी तिच्यावर कोणी काव्य केले नाही. कँटीनच्या रांगेत कूपन चालते, जात चालत नाही. फिटर, हेल्पर, झाडूवाला एकाच पिंपातले पाणी पितो. पहिल्या पाळीला नाखुशीने पितो, दुसऱ्या वर्षी विसरतो. प्रबोधनाने जे होत नाही ते पाळीच्या भोंग्याने होते. अर्धा तासच सुटी असेल तर माणूस सोवळे पाळणार कधी? मात्र गेटाबाहेर उसाच्या गाड्यांशी मराठवाड्यातून आलेली तोडणी मजूर बाई तीन दगडांच्या चुलीवरच भाकरी थापीत बसलेली असे. कँटीन तिच्यासाठी नव्हते. शंभर वर्षांपूर्वीचा प्रवासी आणि ती, यांच्या जेवणात फरक एवढाच की तिला पीठ विकत घ्यायला उचल घ्यावी लागते.

दुसरी क्रांती एस. टी.ने केली. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे प्रत्येक तालुक्याला स्टँड झाला, स्टँडाला कँटीन आणि कँटीनभोवती हॉटेले. गाडी दहा मिनिटे थांबणार. भजी कोणी तळली ते विचारायला वेळ कोणाला? हमरस्त्यावर मालमोटारी वाढल्या तसे धाबे आले. पुढे रस्ता चौपदरी झाला आणि गावाबाहेरून गेला, तेव्हा गावातल्या जुन्या हॉटेलांचा धंदा बसला आणि बाहेर नव्या मोठ्या हॉटेलांच्या रांगा लागल्या.

भिगवणच्या माशांचे सांगायचे राहिले. लोक पुण्याहून हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येतात आणि चिलापीचे कालवण, तळलेला तुकडा आणि ज्वारीची भाकरी खाऊन तृप्त होऊन जातात. आम्हीही खातो, चव नाकारणारा करंटाच म्हणायचा. पण हे मासे आले कोठून? १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून वर येते आणि म्हातारी माणसे काठावर उभी राहून आपले घर कुठे होते ते बोटाने दाखवतात. जेथे ज्वारी पिकत होती तेथे आता चिलापी पोहते, आणि तीही मूळची इथली नव्हे, आफ्रिकेची. नदीचा तळ शेताचा झाला नाही, शेताचा तळ नदीचा झाला. ज्यांची जमीन गेली त्यांतल्या काहींच्या पोरांनी जाळे धरले, काहींनी रस्त्याकडेला कढई ठेवली. त्या ताटात विस्थापितांचा वाटा आहे, एवढे तुकडा मोडताना आठवले तर बरे.

एवढ्या साऱ्यात बाई कुठे होती? चुलीपाशी. हॉटेलात बसून खाणे हा पुरुषाचा विषय. ‘फॅमिली रूम’ नावाची एक खोली पुढे निघाली. मळका पडदा, आत एक दिवा, आणि पडद्याआडून ऑर्डर घेणारा पोऱ्या. बाईने बाहेर खावे, पण खाताना दिसू नये, अशी ती योजना. आमच्या आईने हॉटेलात पहिला चहा घेतला तो साठीनंतर, दवाखान्यातून परतताना. खुर्चीच्या कडेवर बसली, बशीत ओतून दोन घोटांत संपवला, आणि उठून कपबशी विसळायला मोरीकडे निघाली. वेटरने हातातून घेतली तेव्हा ओशाळली. ती तशी का उठली, ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आता स्टँडासमोर कॉलेजच्या मुली चौघी-चौघी मिळून डोसा खाताना दिसतात आणि बिलावरून मोठ्याने भांडतात. आम्हाला ते भांडण ऐकायला बरे वाटते.

स्वस्त जेवणाचे प्रयोगही पाहिले. १९९५ मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. मोक्याच्या जागी टपऱ्या उभ्या राहिल्या. पुढे अनुदान आटले, भाकरी गेली, टपरी राहिली आणि तीत वडापाव शिजू लागला. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली आणि त्यानंतरच्या साथीच्या दिवसांत तिने कितीतरी माणसे जगवली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दान आणि हक्क यांत अंतर असते. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती कोणा मंत्र्याच्या घोषणेवर नव्हे. पाठीवर पोती वाहणाऱ्यांची संघटना. तिनेच ना नफा ना तोटा ह्या हिशेबाने भाकरी-भाजीचे केंद्र काढले, तिथे रांधायला बाया लागल्या त्यांनाही काम मिळाले. सरकारे बदलली, ते केंद्र चालू राहिले. आमच्या भागातल्या हमालांना आम्ही हे दाखवायला एकदा पुण्याला घेऊन गेलो होतो. परतताना सगळे गाडीत उत्साहाने बोलत होते. जागा कोण देणार, ह्या प्रश्नाशी दौंडाच्या पुढे गप्प झाले.

आता शेवटचा भाग, आणि तो आमच्या धंद्याचा. आज पुढच्या खोलीत कोणीही बसतो. मागच्या खोलीत काय आहे? भट्टीपाशी आचारी, तव्यापाशी रोटीवाला, मोरीवर भांडी घासणारी बाई, आणि टेबल पुसणारा पोऱ्या. पूर्वी हे पोरगे कोकण-कानड्यातून येई. मुंबईत अशा पोरांसाठी रात्रशाळा निघाल्या आणि त्यांतून शिकून काहीजण मालकही झाले. आता ते मराठवाड्यातून येते, बिहारातून, ओडिशातून, नेपाळातून येते. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलात आणि धाब्यावर चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवणे बंद झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही जेवायला बसलो होतो. फडके घेऊन आलेल्या पोराला वय विचारले. ‘सोळा,’ म्हणाले, आणि मालकाकडे पाहिले. त्याचा हात टेबलाच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हता. हजेरीपुस्तक पाहिले तर तीन नावे. आत मोजली तर माणसे अकरा. आम्ही त्याला विचारले, ‘तू जेवतोस कुठे?’ त्याला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, ‘गिऱ्हाईक संपलं की.’ गिऱ्हाईक रात्री साडेअकराला संपे.

दुकाने आणि आस्थापना कायदा १९४८ चा. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, मध्यंतर, सारे त्यात लिहिले होते, आणि हॉटेलेही त्यात होती. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना बऱ्याच तरतुदींतून सोडले. तेव्हा अकरा माणसे ठेवून तीन नावे लिहिणाऱ्याचे काम आणखीच सोपे झाले. धंदा लहान आहे, मालकही कर्जात आहे, पंधरा तास तोही उभा असतो, हे आम्हाला मान्य आहे. आम्ही मालकाचे शत्रू नाही. पुष्कळ मालक एके काळी पोऱ्येच होते, आणि बोलणी करताना तेच अधिक कठोर असतात, हा आमचा अनुभव.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठ-दहा हॉटेलांतल्या कामगारांना एकत्र आणून मागणीपत्र दिले. पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत, आठवड्याची भरपगारी सुटी, भाजले-कापले तर औषधाचा खर्च मालकाचा, आणि चौथे कलम, दुपारी व रात्री अर्धा-अर्धा तास बसून जेवण्याची वेळ आणि जागा. पहिल्या कलमावर पुष्कळसे जमले. सुटीवर घासाघीस झाली आणि महिन्यातून दोन ठरल्या. औषधाचे काहींनी मानले. चौथ्या कलमाला मात्र सगळे अडले. एक मालक, चांगला सज्जन गृहस्थ, हात पसरून म्हणाला, ‘अहो, साठ माणसं बसायची जागा आहे, तीसुद्धा रविवारी पुरत नाही. ह्यांना बसवू कुठं?’ आम्ही म्हटले, त्या साठांतल्याच चार खुर्च्या तीन वाजता द्या. तो म्हणाला, ‘गिऱ्हाईक काय म्हणेल?’

पुढची बैठक अक्षय्य तृतीयेनंतर आहे.